शालूमावशींच्या जांभळाचा वैरी

सकाळी माझ्या तोंडाला दाढीचा साबण असतानाच दारातून आवाज येतो, "काय रे सुन्या, त्या मेल्याची काय खबर?"

हा मेला म्हणजे कोणी माणूस नव्हे. परदेशात कुठेतरी मोठमोठे पंखे लावून हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेणारं आणि तो जमिनीखाली खडकात पुरणारं ते एक यंत्र आहे. विचारणाऱ्या आमच्या शेजारच्या शालूमावशी परब. अख्ख्या लालबागात या यंत्राच्या प्रगतीवर इतकी करडी नजर ठेवणारं दुसरं कोणी नसावं.

कारण सरळ आहे. मावशींच्या पोटात दुखतं.

आमच्या चाळीमागचं जांभळाचं झाड मावशींचं. लहानपणी त्यांनी गॅलरीतून थुंकलेल्या बीचं ते झालं, असा त्यांचा दावा. लग्न केलं नाही, शाळेच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झाल्या. पण "आमचं जांभूळ" म्हणताना सूर असा, की जणू पोराला इंजिनियरिंगला ॲडमिशन मिळालीय. अशा बाईला मी एकदा मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली, की हे यंत्र म्हणे कितीतरी झाडांचं काम एकटं करतं. झालं!

"पंखे लावून हवा खातो, त्यात कसलं कौतुक? आमचं बिनपंख्याचं खातं. वर जांभळं देतं. तो काय देतो?"

"काही नाही."

"बघ!"

तेव्हापासून मी त्यांचा बातमीदार. कुठे नवीन प्रकल्प सुरू झाला की मावशी दिवसभर भांडी आपटतात. खर्च झेपेना, वीज फार खातं, ठरलं होतं तेवढं ओढलंच नाही, असं काही छापून आलं की चेहरा खुलतो. एकदा एक प्रकल्प रखडला, तर माझ्या हातावर पेढा ठेवला. मला प्रमोशन मिळालं तेव्हा चिमूटभर साखर नव्हती मिळाली. खरं सांगतो, मलाही त्या झाडाचा हेवा वाटायला लागला. माझे पांढरे शर्ट ते खुशाल डागाळतं, आणि मावशी ओरडतात माझ्यावर. "दोरी तिथे बांधायला तुला कोणी सांगितलं?"

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. प्रत्येकजण नव्या जागेत सोफा कुठे ठेवायचा ते ठरवत होता. मावशींचा एकच प्रश्न, झाडाचं काय? मीटिंगमध्ये बिल्डरचा माणूस गोड हसून म्हणाला, "काकी, एकाच्या बदली पाच रोपं लावू ना."

"तुझं पोरगं मी घेऊन जाते. बदली पाच आणून देते. चालेल?"

त्याचं हसू मावळलं, पण झाड वाचलं नाही. मावशींनी किती ऑफिसांचे उंबरे झिजवले, काही उपयोग झाला नाही. ते पाडलं त्या दिवशी मावशी बहिणीकडे जाऊन बसल्या होत्या, दिवसभर जेवल्याही नाहीत म्हणे.

आता आम्ही परळला भाड्याच्या जागेत राहतो. मावशी वरच्या मजल्यावर. सकाळी दारात कुणी येत नाही, मी निवांत दाढी करतो, आणि मला अजिबात करमत नाही. परवा मीच मुद्दाम बातमी शोधली. एक मोठा प्रकल्प बंद पडला होता. एवढ्या खबरीवर तरी बाई हसतील म्हणून मी जिना धावतच चढलो.

"मावशी, बंद पडलं ते! पंखेबिंखे सगळे थांबले!"

त्या तांदूळ निवडत होत्या. हात तसाच ताटात राहिला.

"हसतोस काय, मेल्या?"

मावशींनी ताट बाजूला सारलं.

"कोणीतरी जीव लावून वाढवलं असेल ना रे त्याला," त्या म्हणाल्या. "जेवली असतील का रे ती माणसं आज?"