पदपथावरील स्थिर वाहनांचे जनहितार्थ उपयोग

पदपथ चालण्यासाठी असतो, हा समज आता मागे पडला आहे. गाड्यांनी रस्त्यावर धावावं आणि दमल्या की पदपथावर विसावावं, इतकी सुटसुटीत व्यवस्था असताना मध्येच कोणीतरी पायी निघतो आणि घोळ घालतो.

माझी मावशी त्यांतलीच. तिला दिसत नाही, तरी गाण्याचा क्लास घ्यायला ती पुढच्या चौकाअलीकडे एकटीच जाते. हात धरायला गेलं की फटकारते. तिने पांढऱ्या काठीने पदपथ शोधला, सापडला नाही, म्हणून पालिका गाठली. (पालिकेच्या नकाशावर पदपथ उत्तम स्थितीत आहे.)

अभियंतासाहेब मोठे समंजस. म्हणाले, "मावशी, गाड्यांना अडथळा कशाला म्हणता? एकेकीला हात लावत जायचं. कव्हर घातलेली लागली की डावीकडे वळायचं. आलाच तुमचा क्लास!"

"आणि चालू कुठल्या बाजूने?"

"रस्त्याच्या. भिंतीकडे जागा आहे कुठे?"

मावशी तशी जाऊ लागली. बघता बघता तिला सगळी रांग पाठ झाली. चेपलेलं दार म्हणजे दवाखाना, तुटका आरसा म्हणजे शिंपी. पालिकेने याला 'स्पर्शमार्ग' असं नाव देऊन फीत कापली. (फीत बांधायला गाड्या होत्याच.) दृष्टिहीनांची शंभर टक्के सोय झाल्याचंही जाहीर झालं. पाहणी एकट्या मावशीची केली होती.

मग एका सकाळी कव्हरवाला गाडी घेऊन सहलीला गेला. मावशीला वळण लागलंच नाही. ती चालत राहिली आणि चौकात टेम्पोने तिला उडवलं. जिवावरचं मनगटावर निभावलं. त्या दिवशी मला सगळ्यांचाच भयंकर राग आला होता. पण चौकशी नेमल्याचं कळलं आणि मी शांत झालो.

चौकशीत दोषी कव्हरवालाच ठरला. गुन्हा : पदपथावरची गाडी बेजबाबदारपणे हलवणे. तेव्हापासून पूर्वसूचनेशिवाय तिथली गाडी हलवायला सक्त मनाई आहे. एखादा नियम लोकांनी इतक्या मनापासून पाळलेला मी तरी पाहिला नव्हता.

मावशी हाताच्या प्लास्टरसकट पुन्हा क्लासला निघाली आहे. आपणही 'हा काय, लगेच निघतो' म्हणत फुटपाथवर गाडी लावून हे वाचत बसला असाल, तर कृपया एवढ्यात चावी फिरवू नका. आपल्या आरशाला धरून ती उभी आहे, आणि मागून टेम्पो येतोय.