पाच फूट मोकळीक

आष्टीच्या एका वाचनालयात गुलामांच्या मुक्तिलढ्यावरची एक जाडजूड कादंबरी साखळीने टेबलाला बांधलेली होती. यात कोणालाच वावगं वाटत नव्हतं. आधीची प्रत कोणीतरी घरी नेली ती परतलीच नाही. तेव्हा ‘ग्रंथांच्या मुक्त संचारास आळा’ हा ठराव एकमताने मंजूर झाला होता.

मोहिनी शेवटच्या प्रकरणापाशी अडकली होती. कादंबरीतली आई तान्ह्या पोरीला पाठीशी बांधून नदीत उतरली होती, मागे मालकाची कुत्री लागली होती, आणि नेमकं तेव्हाच मोहिनीच्या दोन वर्षांच्या लेकीने, शर्वीने, वाचनकक्षात भोकाड पसरलं.

“वहिनी, लेकराईले आत मनाई हाये,” ग्रंथपाल गोपालभाऊ म्हणाले.

“मग पुस्तक व्हरांड्यात द्या.”

“साखळी पुरत नाई ना.”

लेक घरी ठेवावी, तर सासूबाई विचारत, “कालच गेलतीस, आज पुन्हा काऊन?”

शेवटी मोहिनीने अध्यक्ष वासुदेवरावांना गाठलं. ते हुतात्मा दिनासाठी याच कादंबरीवर भाषण तयार करत होते. वाचली नव्हती, वाचनाने विचारांवर दडपण येतं, असं त्यांचं मत होतं.

“काका, साखळी काढता का? एकच प्रकरण राह्यलं.”

“पोरी, स्वातंत्र्य म्हणजे काय मोकाट सुटणं हाये का? पण तुझी भावना समितीपुढे ठेवतो.”

समितीने सखोल विचार केला. साखळी काढणं धोरणात बसेना, म्हणून ती पाच फुटांनी वाढवली. हुतात्मा दिनी नव्या साखळीला हार घातला, नारळ फोडला. वासुदेवराव गहिवरून म्हणाले, “बंधनं सैल होऊन राह्यली!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मोहिनीनेही वाजवल्या, मनापासून.

आता पुस्तक व्हरांड्यापर्यंत आलं. पण व्हरांड्याला कठडा नव्हता, समोर बाजाराचा रस्ता, आणि शर्वीच्या पायांना चाकं. दोन परिच्छेद होत नाहीत तोच पोरगी एका मोटारसायकलसमोरून ओढून आणावी लागली. मोहिनीने ओढणी काढली, एक टोक लेकीच्या कमरेला बांधलं. दुसरं कशाला बांधावं? तिथे भरवशाची अशी एकच वस्तू होती. तिने ते साखळीच्या कडीत ओवून पक्की गाठ मारली.

“हे बेस केलं,” गोपालभाऊ म्हणाले. वासुदेवरावांनी तर फोटोच काढला, वाचनालयाच्या भिंतीवर लावायला.

नदीचा पलीकडचा काठ दिसू लागला होता. शर्वी ओढणी ताणून रडत होती. “आई, सोड. सोड ना.”

“थांब ना माय,” पानावरची नजर न हलवता मोहिनी म्हणाली, “ती सुटूनच राह्यली आता.”