उजव्या पोटरीचा चटका

लामच्या घरात रात्री माणसं वरच्या मजल्यावर झोपत आणि मोटारसायकली खाली, बैठकीच्या खोलीत. सकाळी जो आधी बाहेर पडणार, त्याची गाडी दारापाशी. म्हणून लेक क्वेनची गाडी सगळ्यात पुढे, तिच्यामागे जावई खोआची, मग बायको लियूची स्कूटर आणि सगळ्यात आत, पूर्वजांच्या देव्हाऱ्याला टेकून, लामची जुनी मोटारसायकल. निवृत्त माणसाला कुठे जायचं असतं, असा घराचा हिशोब होता.

त्यातच एका रात्री लाम डबक्यात घसरून गुडघा फोडून आला आणि क्वेनने फर्मान काढलं.

"बाबा, अंधार पडला की गाडीला हात लावायचा नाही. परत गेलात तर विकून टाकीन. गिऱ्हाईक तयार आहे."

"अगं, याच गाडीवरून तुला शाळेत सोडलंय मी!"

"म्हणून तर इतके दिवस ठेवलीय. किल्ली द्या इकडे."

लामने निमूटपणे किल्ली दिली. दुसरी किल्ली देव्हाऱ्यात उदबत्तीच्या भांड्यामागे होती. पूर्वजांनी याबाबत अवाक्षर काढलं नाही.

आता साइगॉनमध्ये दिवसा गाडी चालवणं म्हणजे नुसता धूर खाणं. गाडीचं खरं सुख रात्री, रस्ते मोकळे झाले आणि कालव्यावर वारा सुटला की. त्यासाठी शहाणीसुरती माणसं काही काम नसताना हिंडतात. लामने काही रात्री पंख्याखाली तळमळत काढल्या. शेवटी एकदा मध्यरात्री तो उठलाच.

जाळीच्या दाराला त्याने दुपारीच खायचं तेल पाजून ठेवलं होतं. क्वेनची गाडी गल्लीत ढकलली, मग खोआची, मग लियूची स्कूटर. त्यानंतर आपली काढली. आता बाकीच्या बाहेर ठेवाव्यात तर चोरांची चंगळ, म्हणून त्या पुन्हा ओळीने आत. जाळीतून हात घालून आतलं कुलूप लावलं तेव्हा त्याचा बनियन घामाने पिळून काढण्याजोगा झाला होता. इंजिनाच्या आवाजाने घर जागं होईल म्हणून गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत न्यावी लागली. तिथे पेजवाली काकू भांडी घासत होती.

"लामभाऊ, बंद पडली वाटतं?"

"छे, व्यायाम करतोय."

"या वयात? गाडीला की तुम्हाला?"

लामने उत्तराऐवजी किक मारली. पहिल्या पुलावर वारा थेट बनियनमध्ये शिरला आणि सगळे कष्ट वसूल झाले. कुठल्याशा अंगणात कोणीतरी माईकवर बेसूर गात होतं, तेही आज गोड वाटलं. गुडघा दुखत नव्हता, वय आठवत नव्हतं. लाम इतका खूश होता की रिकाम्या चौकात लाल दिव्याला थांबून तो एकटाच हसत बसला. पुढे बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला, कालव्याला दोन फेऱ्या मारल्या आणि मग घर आठवलं.

परत आल्यावर सगळा खटाटोप उलटा. त्याने क्वेनची गाडी धरली, मागे ओढली, आणि उजवी पोटरी धुराड्याच्या नळीला टेकली.

चर्रर्र झालं. ओरडायची सोय नव्हती. लामने स्वतःचीच मूठ चावली, लंगडत चारही गाड्या जागच्या जागी लावल्या, पोटरीला बोटभर टूथपेस्ट फासली आणि अंथरुणात शिरला. आग थोडी कमी झाल्यावर त्याचं डोकं चालू लागलं. मग तो अंधारातच उठून बसला.

सकाळी नाश्त्याला क्वेनने नाक वर करून हुंगलं.

"पुदिन्याचा वास कुठून येतोय? बाबा, पँट वर करा बघू."

लामने पँट वर केली.

"चटका! म्हणजे काल रात्री गेला होतात! आई, बघितलंस? बस्स, मी गिऱ्हाइकाला फोन लावते."

"लाव," लाम शांतपणे नूडल्स ओढत म्हणाला. "पण हा माझ्या गाडीचा चटका नाही. परत आल्यावर तुझी गाडी बाजूला घेताना बसला. नळी चांगली तापलेली होती."

क्वेनचं बोट फोनवरच राहिलं.

"तुझी?" खोआने बायकोकडे पाहिलं. "तू तर डोकं दुखतंय म्हणून आठलाच झोपलीस ना?"

"दुखतच होतं," क्वेन पुटपुटली. "कालव्यावर गेलं की उतरतं. दिवसभर ऑफिसात साहेब बोलतो, घरी तुम्ही सगळे बोलता. तिथे कोणी बोलत नाही."

लामला एकदम लेकीची फार माया आली. शाळेत सोडताना पुढे बसून "आणखी जोरात, बाबा!" म्हणणारी हीच ती पोर. त्याने आपल्या वाडग्यातला मांसाचा मोठा तुकडा तिच्या वाडग्यात टाकला. तिने फोन खाली ठेवून तो खाल्ला.

त्या रात्री गाड्या आत घेताना क्वेन म्हणाली, "खोआ, बाबांची गाडी माझ्या मागे लाव."

"त्यांना सकाळी कुठे जायचंय?"

"सकाळचं कोण बोलतंय?"

तेवढ्यात लियू जिन्यावरून खाली आली. तिने केस विंचरले होते आणि तिच्या हातात हेल्मेट होतं.

"माझी स्कूटर पार आत गेली तरी चालेल हो, जावईबापू," ती म्हणाली. "मी मागे बसणार आहे."