तात्या आणि सात होकायंत्रं

आमच्या कुळगावचे धोंडूतात्या कुणाचंही नवं घड्याळ आधी पाण्याच्या तांब्यात बुडवतात, मालक शेजारी उभा असला तरी. मग ते पुसून कानाला लावतात, डोळे मिटतात आणि विचारतात, "रानात टिकंल का?" तात्यांची सगळी नोकरी मोजणीखात्यात खलाशी म्हणून, साहेबांची यंत्रं डोंगरावर वाहण्यात गेली. माझ्या नव्या चपलांबद्दल आणि ताईला सांगून आलेल्या स्थळाबद्दलही त्यांनी हेच विचारलं होतं.

मला कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या सहलीसाठी होकायंत्र हवं होतं. निघायचं दुसऱ्याच दिवशी होतं, आणि ज्याच्याकडे ते नसेल त्याला सर नेणार नव्हते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून तात्यांना घेऊन उल्हासनगरच्या कॅम्पात गेलो. तिथे टेकचंदशेठ लष्कराचा जुना माल विकायचे.

तात्या मलंगगडाकडे तोंड करून ओट्यावर बसले. "लोखंड जवळ नको." शेठच्या किल्ल्या लांब गेल्या. "कॉलेजवाले, पट्टा काढा." त्याचं बक्कल लोखंडी होतं. मी विजार धरून उभा राहिलो.

पहिलं होकायंत्र गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, "झुकतंय." दुसरंही झुकत होतं. असं करता करता सात झाली.

"साईं, याच मालावर गोरा साहेब लढाई जिंकला," शेठ म्हणाले.

"मग चुकून जिंकला."

कॉलेजची पोरं तात्यांना होकायंत्रं दाखवायला आणत, पण गेल्या वर्षभरात त्यांना एकही पसंत पडलं नव्हतं. मी पाहत होतो. सातही सुया एकाच बाजूला, तात्यांच्या डाव्या कमरेकडे वळत होत्या. तिथे अडकित्ता खोचलेला होता. तात्यांना दात नाहीत, सुपारी ते खात नाहीत. अडकित्ता काकूंचा. काकू गेल्या वर्षी वारल्या.

बोलावं की नाही, कळेना. शेवटी म्हणालो, "तात्या, कमरेला... लोखंड आहे."

त्यांनी कंबर चाचपली. "लोखंड कुठाय? हा तर हिचा अडकित्ता."

शेठ किल्ल्यांकडे बघू लागले. मग तात्यांनी अडकित्ता काढून माझ्या हातात दिला. "दहा पावलं लांब जा. नीट धर."

एका हातात विजार, दुसऱ्यात अडकित्ता घेऊन मी लांब गेलो. सुई स्थिर होईपर्यंत तात्या सातव्या होकायंत्रावर वाकून राहिले.

"बरं हाय," तात्या म्हणाले. "रानात टिकंल. आता आण इकडं." मी पोचेपर्यंत त्यांचा हात पुढेच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला निरोप द्यायला ते बदलापूर स्टेशनवर आले, पण लांबच उभे राहिले. मी पावलं मोजली, दहा होती.

"तात्या, जवळ या की."

"नको," डावा हात कमरेवर ठेवून ते म्हणाले. "आम्ही दोघं इथंच बरे. तू नीट जा."