युवराज हिरोजीराव यांनी माशी बांधिली त्याची हकीकत

श्री वरुणदेव व कुलस्वामिनी यांस वंदन करोन, घडले तैसे, पदरचे काही न घालिता लिहिले आहे. ऐकणारांनी चित्त द्यावे. शके १७१२ साधारणनाम संवत्सरे, फाल्गुन मासी, हिमाच्या डोंगराखालील एका राज्याचे अधिपती मानाजीराव महाराज यांस अर्धांगवायू जाहला आणि उजवे अंग गेले आणि वाचा बंद जाहली. महाराज मोठे शूर, न्यायी, परंतु एकाच गोष्टीचे वेडे. तरुणपणी एका टोपीकर वकिलाने थंड पाण्याच्या घागरींतून ट्राउट जातीचे मासे आणोन नजर केले, ते महाराजांनी वाड्याखालील नदीत सोडिले आणि तेथे ते वाढले. मग महाराजांनी हुकूम केला की या नदीत कोणी जाळे टाकू नये, गांडूळ लावू नये, आपल्या हाताने बांधिलेल्या माशीवर मासा येईल तोच घ्यावा. माशी म्हणजे खरी माशी नव्हे. बारीक गळास पीस, लोकर, रेशीम गुंडाळोन केलेले किड्याचे सोंग. महाराज दरबार आटोपिता नदीवर जात आणि दिवे लागता परत येत, आणि राणीसाहेब वारल्या तेव्हाही क्रियाकर्म संपताच नदीवर गेले. पुत्र एकच, हिरोजीराव. ते लहान असता एकदा पित्याचा अंगरखा धरोन बोलिले, "आबासाहेब, मलाही माशी बांधावयास शिकवा." महाराज बोलिले, "आज पाणी गढूळ आहे, मग पाहू." पुढे पाणी निवळले, परंतु महाराजांस स्मरण राहिले नाही आणि युवराजांनी पुन्हा विचारिले नाही. मग ते तलवार शिकले, घोडा शिकले, सरहद्दीवर जाऊन राहिले, आणि ताटात ट्राउट आला तर ताट सारोन उठू लागले.

ऐसे असता दुखण्याचे वर्तमान कळोन युवराज दौडत आले आणि पलंगापाशी उभे राहिले. महाराजांनी ओळखिले. डावा हात चालत होता, तो उचलोन खिडकीबाहेर नदीकडे दाखविला, मग हवेत गळाची काठी फेकल्यासारखा फिरविला, मग युवराजांच्या छातीस लाविला आणि मग आपल्या ओठांस लाविला. दिवाण नारो भिकाजी बोलिले, "महाराजांस ट्राउट पाहिजे, आणि तो युवराजांच्या हातचा पाहिजे." राजवैद्य बाहेर येऊन हळूच बोलिले, "जे मागतील ते द्यावे. आता पथ्य कशाचे सांगू?" हे ऐकोन युवराजांचा चेहरा उतरला. त्यांनी पित्याची माश्यांची पेटी उघडविली, निदान नमुना तरी पाहावा म्हणोन. तो आत कसर लागोन सगळी पिसे व लोकर खाल्ली गेली होती आणि उघडे गळ भुशात पडले होते. कोणती माशी बांधावी हे जाणणारा एकच मनुष्य राज्यात, आणि त्यास बोलता येईना.

मग मसलत जाहली. मीरशिकार दौलतखान पुढे होऊन बोलिले, "हुजूर, मासा चमकेस भुलतो. तांबडे पीस लावा, वरून सोनेरी कलाबतू, आणि बोटभर लांब करा. दुरून दिसली पाहिजे." नारो भिकाजी बोलिले, "खानसाहेब, आपण वाघ मारिता, मासे नव्हे. महाराजांच्या पागोट्यास काळी बारीक माशी लाविलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. काळीच बांधावी." खान बोलिले, "पागोट्यास लाविली ती निरुपयोगी म्हणोनच लाविली असेल!" यावरून शब्द वाढला आणि दरबारात तांबडीचा पक्ष व काळीचा पक्ष ऐसे दोन तट पडले, आणि कोणी पांढरी म्हणे, कोणी पंखांची म्हणे, कोणी पाण्यावर तरंगणारी म्हणे, आणि ज्यांनी जन्मात मासा धरिला नाही ते सर्वांत मोठ्याने बोलत. युवराज सगळ्यांचे ऐकत आणि सगळ्या बांधीत. हात तलवारीचे, रेशीम ओढिता तुटे, पीस दाबिता मोडे, गळ बोटात रुते आणि माशीस रक्त लागे. तरी तांबडी बांधिली, काळी बांधिली, मोराच्या पिसाची हिरवी बांधिली, आणि एकेक बशीत घालोन पलंगापाशी नेऊन विचारिले, "आबासाहेब, ही का? मग ही? ही तरी?" महाराज माशीकडे पाहत आणि डोळे मिटीत. मान हलवीत नसत, रागावत नसत, केवळ डोळे मिटीत, आणि ते युवराजांस कोणत्याही शिवीहून जड वाटे.

नदीवर तर याहून वाईट. पाणी काचेसारखे स्वच्छ, मासे दिसत. तांबडी टाकिली तो मासे भिऊन पळाले. काळी टाकिली तो एक मोठा मासा सावकाश वर आला, माशीपाशी नाक आणोन थांबला, पाहिले आणि खाली गेला. हिरवी झाडास अडकली. कंबरेइतक्या थंड पाण्यात उभे राहोन राहोन युवराजांचे पाय बधिर जाहले, आणि इकडे महाराज दिवसेंदिवस खंगत चालले, पेजही घेईनात. तेव्हा दिवाणांनी एकीकडे नेऊन म्हटले, "युवराज, वेळ थोडा राहिला. जाळे टाकू. हुकूम महाराजांचा आणि मासाही महाराजांसच, कोणास कळणार?" युवराज थकले होते. त्यांनी होय म्हटले. पहाटे जाळे पडले आणि चांगला हातभर ट्राउट सापडला, पाठीवर काळे ठिपके, कुशीस तांबूस पट्टा. तो चांदीच्या ताटात घालोन महाराजांपुढे ठेविला. महाराजांच्या तोंडावर तेज आले. त्यांनी डावा हात पुढे करोन माशाचे तोंड उघडिले आणि ओठांच्या आतून बोट फिरविले, या बाजूने, मग त्या बाजूने. गळाचे भोक कोठेच नव्हते. महाराजांनी बोट चादरीस पुसले आणि भिंतीकडे तोंड केले. युवराज तेथेच खाली बसले. दिवाण काही बोलू लागले, त्यांस हाताने वारिले आणि उठोन पायी नदीवर गेले.

तेथे जाऊन त्यांच्या मनात आले की काठी मोडोन टाकावी, नदीचे तोंड पुन्हा पाहू नये, सरहद्दीवर जाऊन कोणाच्या तरी गोळीस छाती द्यावी. काठी खडकावर आडवी ठेविली आणि ती ठेचावयास पाण्यातील एक धोंडा दोन्ही हातांनी उचलिला. धोंड्याच्या खालच्या अंगास किडे चिकटलेले होते. चपटे, मातकट, शेपटीस दोन-तीन केस, अगदी पाहवत नाहीत ऐसे. आणि धोंडा उचलिल्याने काही किडे सुटोन प्रवाहात वाहिले, तो थोडे पुढे एका माशाचे पांढरे तोंड उघडले आणि मिटले, पुन्हा उघडले आणि मिटले. युवराजांनी धोंडा जागचे जागी ठेविला आणि काठी उचलोन घेतली. आजवर बांधिले ते सारे माणसांच्या नजरेस आवडेल ते बांधिले; मासे काय खातात हे पाण्यास विचारिलेच नव्हते.

घरी येऊन त्यांनी पत्नी सगुणाबाई यांजकडे रेशीम मागितले. बाईसाहेब कशिदा काढीत होत्या, त्यांनी पेटी पुढे करोन विचारिले, "कोणते देऊ? पिवळे? जांभळे?" युवराज बोलिले, "मळके द्या. जे आपण कशातच घालीत नाही ते." मग सशाची लव घेतली, तित्तिराच्या पिसाचे दोन-तीन केस शेपटीस लाविले आणि बुडावी म्हणोन तांब्याची बारीक तार गुंडाळिली. बाईसाहेब पाहत होत्या, त्या बोलिल्या, "ही एकच बांधणार? दुसरी जोडीस नको?" युवराज बोलिले, "एकच. निदान चुकलो तर एकाच ठिकाणी चुकेन." आणि तीच माशी ते पुन्हा पुन्हा बांधीत व सोडीत राहिले, गाठ बसेपर्यंत. दुसरे दिवशी ती पाण्यात बुडवोन तळाशी वाहू दिली. पुष्कळ वेळ काहीच नाही. मग दोरी किंचित थांबली, कोणी बाही धरावी तैसी. युवराजांनी काठी उचलिली आणि पहिल्याने आयुष्यात त्यांस तो जीव हातास लागला, थरथरणारा, संतापलेला. मासा वीतभर. बाहेर घेतला तेव्हा युवराज मोठ्याने रडत होते, आणि ते आनंदाने की कशाने हे त्यांचे त्यांसही कळले नाही.

माशी तोंडात तशीच ठेवोन मासा महाराजांपाशी आणिला. महाराजांनी बोट फिरविले, गळ लागला, तेथे बोट थांबले. मग युवराजांकडे पाहिले. रस्सा केला, सगुणाबाईंनी चमच्याने ओठांत घातला, परंतु गिळवेना. ओठाच्या कोपऱ्यातून उशीवर ओघळला. पुन्हा घातला, पुन्हा ओघळला. बाईसाहेब पदराने पुसत राहिल्या. महाराजांस त्याचे काही वाटले नाही. त्यांनी खुणेने माशी मागितली, डोळ्यांशी धरिली, आणि नखाने एक धागा उचकटोन ओढिला, तो लव, केस, तार सारी सुटोन छातीवर पडली. युवराजांस वाटले, ही पण नापसंत. ते बोलिले, "आबासाहेब, मला इतकीच येते." तेव्हा महाराजांनी उघडा गळ त्यांच्या बोटांत दिला आणि बोटांवर बोटे ठेवोन घट्ट धर ऐसे दाबिले, आणि रेशमाचे टोक डाव्या हाताने घेऊन गळावर वेढा देऊ लागले. दुसरा हात नाही म्हणोन युवराज आपला देत. वेढा ढिला पडला की महाराज टिचकी मारीत, नीट बसला की पापण्या हलवीत. ऐसे पिता-पुत्र दोन हातांनी एक माशी बांधीत बसले. शेपूट जाहले, अंग निम्मे जाहले. मग महाराजांनी पलंगापाशी आणोन ठेविलेल्या पिसांच्या ताटाकडे बोट केले. युवराजांनी तित्तिराचे उचलिले, महाराजांनी डोळे मिटिले, नव्हे. बदकाचे उचलिले, नव्हे. "मोराचे का, आबासाहेब? कोंबड्याचे?" बोट ताटाकडेच होते, परंतु उत्तर आले नाही. हात गादीवर उतरला आणि युवराजांच्या बोटांतील रेशीम सैल पडले.

येणेप्रमाणे मानाजीराव महाराज कैलासवासी जाहले. पुढे हिरोजीराव गादीवर बसले, राज्य बरे चालविले, रयत सुखी होती. नदीवर जात, मासे थोडे मिळत. त्या ताटातील प्रत्येक पीस लावोन त्यांनी माश्या बांधिल्या, काहींवर मासा आला, काहींवर नाही. परंतु महाराजांनी कोणते दाखविले होते ते त्यांस मरेपर्यंत उमगले नाही.