सरूचे सत्तावीस टक्के

पोस्टकार्ड घरी न्यायचं की खिशातच राहू द्यायचं, एवढाच काय तो प्रश्न होता. मी ते खिशात राहू दिलं. पुढे जे झालं ते ऐकून तुम्ही हसाल याची मला खात्री आहे. आमच्या घरात हसू यायला मात्र सात-आठ वर्षं लागली.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीतली. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. मी रोह्याला राहायचो आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत टाइम-ऑफिसला क्लार्क होतो. कोण कामगार कोणत्या शिफ्टला किती वाजता आला, हे लिहून ठेवायचं काम. (मी स्वतः किती वाजता आलो हेही मीच लिहायचो, त्यामुळे माझं रेकॉर्ड फार चांगलं होतं.)

आमची एकुलती एक मुलगी सरू त्या वर्षी शेतकी कॉलेजात गेली होती. खाली रत्नागिरी जिल्ह्यात, एस.टी.नं पाऊण दिवसाचा रस्ता. आमच्या दोन्ही घराण्यांत मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी. तिला पाठवायचं ठरलं तेव्हा माझे मेहुणे हैबतराव खास पेणहून येऊन मला समजावून गेले होते. हैबतरावांचा पेणजवळ हमरापूरला गणपतीचा कारखाना. माणूस मनानं मोठा, आवाजानं त्याहून मोठा.

"दाजी, शेती शिकाया कालेज?" ते म्हणाले. "आपल्या बापजाद्यांनी भात लावला तो काय पुस्तकात बघून?"

त्यांचा मुलगा नाथा पेणच्या कॉलेजात कॉमर्सला होता. जूनमध्ये त्याला एकसष्ट टक्के पडले होते. फर्स्ट क्लास. जूनमधला तो फर्स्ट क्लास जानेवारीपर्यंत हैबतरावांच्या घरात ताजा होता. जो कोणी गणपती ठरवायला येई त्याला चहाबरोबर मिळायचा.

आमच्या आळीत पोस्टमन मनात येईल तेव्हा यायचा, म्हणून सरू पत्रं कंपनीच्या पत्त्यावर पाठवायची. त्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं कार्ड हातात दिलं. मी तिथंच उभ्याउभ्या वाचलं.

'ती. आप्पांस सा. न. पहिल्या सत्राचा निकाल लागला. मला ३.२८ मिळाले. दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढच्या वेळी नक्की जास्त मिळवीन. आईला कसं सांगायचं ते तुम्हीच बघा.'

मी पुन्हा वाचलं. तीन पूर्णांक अठ्ठावीस शतांश. शंभरातले तीन! अहो, मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालो तेव्हासुद्धा मला अकरा होते.

राग नाही आला. मी कार्ड खिशात घातलं. वीस मुलग्यांत चार मुली, तिथं माझी पोर दोन दिवस उपाशी बसली होती, आणि मी हौसेनं तिला तिकडं धाडलं होतं. वाटलं, आज घरी काही बोलायचं नाही. दोन दिवस जाऊ देत.

घरी शिरतो तोच माझी बायको रंभा दारात. "अवो, सरूचं पत्र आलं काय?"

"नाय गो."

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी रंभानं विचारायची पद्धत बदलली.

"कंपनीत पोस्टमन मेला काय?"

मी घाबरलो. (टाइम-ऑफिसमध्ये दोनशे माणसं मला घाबरायची. घरी एकही नाही.) म्हणालो, "आलं आज. पास झाली."

"कार्ड कुठंय?"

"ऑफिसात राहिलं."

"किती पडले?"

याचा मी विचारच केला नव्हता. साठ म्हणावं तर पेढे वाटावे लागणार. पंचेचाळीस म्हणावं तर रंभा रडणार. जो आकडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि सलतही नाही असा एकच मला त्या घाईत सुचला.

"पंचावन्न," मी म्हणालो.

"पंचावन्नच?" रंभाचा चेहरा एवढासा झाला. "मॅट्रिकला तर अडुसष्ट व्हते."

"कॉलेजात कमीच देतात गो."

इथंच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दोन दिवसांनी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि रंभा नागोठण्यावरून जाणारी एस.टी. पकडून माहेरी हमरापूरला गेली. मीही बरोबर होतो. कारखान्यात पांढरेफटक, न रंगवलेले गणपती ओळीनं मांडून ठेवलेले, आणि मधल्या जागेत बायका. तिळगूळ हातावर पडायच्या आतच हैबतरावांच्या बायकोनं, सगुणावहिनींनी, विचारलं, "वन्सं, सरूचा निकाल लागला म्हनं?"

रंभा हळूच म्हणाली, "पंचावन्न."

"पंचावन्न म्हंजे नापास नाय ना?"

"नाय वयनी, पास!"

"मग झालं तर. पोरीच्या जातीला बास. आमच्या नाथ्याला एकसष्ट हायत, पन त्यो मुळातच हुशार."

माझी बायको हळदीकुंकू झाल्या झाल्या उठली. परतीच्या गाडीत खिडकीबाहेर बघत बसली. नागोठणे गेल्यावर म्हणाली, "सरूला वरनं काय बोलू नका तुमी. पोर कष्ट करती हाय." मला तर त्या गाडीतून उडी मारावीशी वाटली. पंचावन्नानं ही गत, मग तीन कळले तर काय?

दुसऱ्या दिवशी मी दत्तात्रेय गुरुजींना गाठलं. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले, पण गणित त्यांच्यातून रिटायर झालं नव्हतं. मी विश्वासानं कार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, उलटं करून पत्त्याची बाजूही तपासली.

"छेद कुठाय?" ते म्हणाले.

"काय?"

"अरे, तीन पूर्णांक अठ्ठावीस कशापैकी? नुसता अंश काय कामाचा? शंभरापैकी असेल तर तीन टक्के. पण इतके कमी मार्क देणं हे परीक्षकालाही कठीण असतं. दहापैकी असेल तर बत्तीस पूर्णांक आठ. पस्तीसला पास. थोडक्यात गेली."

"आणि?" मी आशेनं विचारलं.

"पाचापैकी असेल तर पासष्ट पूर्णांक सहा. फर्स्ट क्लास."

"चारापैकी असेल तर?"

गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच नापास झालो होतो. "चारापैकी कोण मार्क देतं? चार हा काय आकडा आहे? पाच म्हण, दहा म्हण, शंभर म्हण. चारापैकी!"

मी ओशाळून घरी आलो. पुढचे चार दिवस मी तीन आणि पासष्टच्या मधे लोंबकळत होतो. सकाळी अंघोळ करताना सरू पासष्टवर असायची. कंपनीच्या भोंग्याबरोबर बत्तीसवर यायची. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठानं घरी येईपर्यंत तीनवर. एकदा तर मस्टरवर एका कामगाराच्या हजेरीपुढे मी ३.२८ लिहिलं. बिचारा विचारायला आला, मी तीन वाजता आलो की गेलो?

शेवटी राहवेना, म्हणून मी सरूला पत्र लिहिलं. तिला टोचेल असा एकही शब्द येऊ नये म्हणून चार कागद फाडले. निकालाचं नावसुद्धा काढलं नाही. पाचवा कागद असा होता:

'चि. सरूस आशीर्वाद. जे व्हायचं ते झालं. आता रडून उपयोग नाही. आईला अजून खरं सांगितलेलं नाही, तिला सोसवणार नाही. मी रात्रंदिवस त्याच विचारात आहे. तू धीर सोडू नकोस. तुला कधीही वाटलं तर सरळ निघून ये. मी असेपर्यंत तुला काही कमी पडणार नाही.'

शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं होतं की लिहिताना माझेच डोळे भरून आले.

पत्र टाकून चार दिवस झाले. शनिवारी दुपारी मी ओटीवर बसून सुपारी कातरत होतो. रंभा मागे विहिरीवर गेली होती. समोरून हातात पिशवी, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले, अशी सरू आली. पिशवी टाकून माझ्या गळ्यातच पडली.

"आप्पा, कधीपासून आहे हे?"

"पंधरा दिवस झाले ग, बाळ."

"आणि तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"गुरुजींना दाखवलं."

"गुरुजींना? डॉक्टरला नाही?"

"डॉक्टर काय करणार त्यात?" मी म्हणालो. "गुरुजी म्हणाले, पाचापैकी असेल तर वाचण्यासारखं आहे. दहापैकी असेल तर गेलं."

सरूनं माझं मनगट घट्ट धरलं. "दहातले पाच वाचतात?"

"तसं नाही. थोडक्यात जातं. पण पुन्हा बसता येतं."

"पुन्हा बसता येतं म्हणजे? आप्पा, तुम्हाला झालंय काय?"

"मला कुठं काय झालंय? तुझंच दुःख वाहतोय मी!"

"माझं कसलं दुःख?"

मी खिशातून कार्ड काढलं. पंधरा दिवस घामानं भिजून त्याचा पापड झाला होता. "हे तीन पूर्णांक अठ्ठावीस," मी हळू आवाजात म्हणालो.

सरूनं कार्डाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मला दोन्हींतलं कुठलं थांबवावं ते कळेना.

"आप्पा, ते चारापैकी असतात. आमच्याकडे टक्के नसतात, ग्रेड-पॉइंट असतात. चार म्हणजे सगळ्यात वरचे. मी वर्गात दुसरी आले."

"चारापैकी?" मला पहिल्यांदा गुरुजींचा राग आला. "मग जेवण का गेलं नाही तुला?"

"पहिल्याला ३.३१ मिळाले. तीन शतांशांनी गेलं ना! मला वाटलं, तुम्ही एवढ्या हौसेनं पाठवलंत, पहिलं यायला हवं होतं." ती नाक पुसत म्हणाली. "आणि तुम्हाला वाटलं, मी शंभरात तीन मिळवले?"

मी कार्ड पुन्हा खिशात घातलं. खरं तर ते कार्ड वाचताना पोर हुशार आहे हे मला कसं आठवलं नाही, याचंच मला अजून वाईट वाटतं. भीती एवढी घाईची असते की ती मुलीला ओळखत नाही.

तेवढ्यात मागच्या दारातून रंभाचा आवाज आला. "चारातले ३.२८ म्हंजे शंभरात किती?"

ती कळशी कमरेवर घेऊन केव्हापासून उभी होती देव जाणे.

सरूनं बोटांवर हिशेब केला. "ब्याऐंशी, आई."

रंभानं कळशी खाली ठेवली. फार सावकाश ठेवली. मी त्या वेळी मस्टर घेऊन कुठल्याही शिफ्टला जायला तयार होतो.

"ब्याऐंशी," ती म्हणाली. "आनि तुमी सांगितलं पंचावन्न. माझ्या पोरीचे सत्तावीस टक्के गेले कुठं?"

"अगं, मी तुला दुःख नको म्हणून..."

"खोटंच बोलायचं व्हतं तर मेलं नव्वद तरी बोलायचं! त्या सगुणावयनीसमोर मी मान खाली घालून तिळगूळ खाल्ला!"

त्या दिवशी जेवायला सरूला गोडाची पोळी होती. मला काय होतं ते विचारू नका.

सोमवारी सरू परत गेली, पण जाताना ग्रेडचा कागद आईजवळ देऊन गेली. मंगळवारी रंभा तो कागद पदरात बांधून एकटीच हमरापूरला निघाली. "तुमी नको," म्हणाली. "तुमी आकडे घालवता." संध्याकाळी परत आली ती चिमणीएवढं तोंड करून. मी पाणी दिलं. ते पिऊन सांगायला लागली.

हैबतरावांनी चष्मा लावून कागद सगळ्या कारखान्यासमोर वाचला. "रंभे, यात ब्याऐंशी कुठं लिवलंय? तीन लिवलंय."

"दादा, ते पंचवीसनं गुनायचं असतं."

"का म्हनून? आमच्या नाथ्याचे कुनी गुनले नाय. गुनायचेच तर नाथ्याचे पंधराशे व्हतील!"

कारखाना हसला. मग हैबतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, आईची माया हाय, मला कळतं. पन तूच म्हनतीस, दाजींनी सोताच्या तोंडानं पंचावन्न सांगितले. पोरीचे मार्क कमी करून सांगनारा बाप बघितलास कुठं? दाजी खरा मानूस."

त्या दिवसापासून पेण तालुक्यात मी खरा माणूस झालो. सोयरिकीत मुलाचं वय विचारायचं असलं की हैबतराव म्हणायचे, दाजींना विचारा. जमिनीच्या भांडणात साक्षीला मला बोलवायचे. सरू पुढे शेतकी खात्यात मोठ्या हुद्द्यावर गेली. तिचा मुलगा आता जर्मनीत शिकतो. तिथं म्हणे एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास. त्याला मागच्या वर्षी एक पूर्णांक तीन पडले, तेव्हा मी शहाण्यासारखा आधी फोन केला आणि मगच काळजी करायची की नाही ते ठरवलं. पोस्टकार्डाच्या काळात हे सुख नव्हतं. पण त्या कार्डाच्या दोन ओळींत जी पोर असायची ती आता तासभर व्हिडिओवर बोलूनही सापडत नाही, असं मला उगीच वाटतं.

गेल्या मे महिन्यात नाथाच्या मुलीचं लग्न पेणला झालं. सरू आली होती. सगुणावहिनींनी तिचा हात धरून व्याह्यांना ओळख करून दिली. "ही आमच्या वन्सांची सरू. पंचावन्नच टक्के पडले व्हते, पन बघा, कुठं पोचली!"

पलीकडे रंभानं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातला जिलेबीचा तुकडा ताटात पडला. म्हटलं, बस झालं. आता नाही तर कधीच नाही. मी पंगतीतून उठलो, हात पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पंचावन्न नव्हते. ब्याऐंशी होते. मी तेव्हा खोटं बोललो होतो."

पंगतीतल्या माना माझ्याकडे वळल्या. नव्वदीतले हैबतराव खुर्चीतून कष्टानं उठले, काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि प्रेमानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दाजी," ते म्हणाले, "सारा जनम खरं बोललात. आता म्हातारपनी पोरीसाठी थोडं खोटं बोललात तर देव काय रागावनार नाय. बसा, जिलेबी घ्या."