जवळ्याचे जपानीकरण

नवीन पनवेलच्या आमच्या शाळेत ‘चवींचे विश्व’ हा बहुसांस्कृतिक खाद्यकविता उपक्रम राबवण्याचे ठरले, तेव्हा पालक प्रतिनिधी म्हणून उपसमितीवर माझी एकमताने निवड झाली. म्हणजे त्या बैठकीला मी गैरहजर होतो. मुलांनी नाना संस्कृतींच्या जेवणावर कविता म्हणायच्या आणि त्यातून सहिष्णुता अंगी बाणवायची, असा उद्देश होता. सहिष्णुता गॅदरिंगपर्यंत पूर्ण करायची होती.

माझ्या वरदने इटलीचा पास्ता घेतला. मेक्सिको, थायलंड वगैरे चवदार राष्ट्रं भराभर संपली. मग चौथीतल्या किशोरीने स्वतः लिहिलेली कविता आणली. तिची आजी गुणाबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकते.

आजी परते सुका जवळा,
घरभर त्याचा वास;
मांजर बसते चुलीपाशी,
मलाच पहिला घास.

वर्गशिक्षिका आभा मॅडमना ती फार आवडली. नवीन आहेत, आवडायचंच. त्यांनी ती समितीपुढे ठेवली.

मुख्याध्यापिका सुनीताबाईंनी मूलभूत मुद्दा काढला. “डब्यात मासळी आणायला आपल्याकडे बंदी आहे. मग कवितेत कशी चालेल?”

“कवितेला वास येत नाही, मॅडम,” आभा मॅडम म्हणाल्या.

“दुसऱ्याच ओळीत येतोय.”

पाहिलं, तर खरंच येत होता. वास काढून टाकण्याचा ठराव झाला. वास गेल्यावर जवळा उघडा पडला. जवळ्याला संस्कृती धरावं काय? मी स्पष्टच सांगितलं, संस्कृती म्हणजे जिच्याकडे विमानाने जावं लागतं. जवळ्याकडे आपण रिक्षाने जातो.

“पण जपान शिल्लक आहे,” आभा मॅडम चिकाटीने म्हणाल्या. “सुशीतही मासाच असतो.”

“तो परदेशी मासा,” सुनीताबाई म्हणाल्या. “त्याच्याबद्दल पालकांची तक्रार येत नाही.”

इथे मला तोडगा सुचला. सुचतं मला असं. किशोरीलाच जपान देऊन टाकावा.

मग मांजरावर आरोग्याच्या दृष्टीने आणि पहिल्या घासावर समानतेच्या दृष्टीने चर्चा झाली. अंतिम मसुदा असा:

जपानी आजी करते सुशी,
कुठेच नाही वास;
मांजर बसते कुंपणाबाहेर,
सर्वांना समान घास.

किशोरीने ती वाचली. “पण माझी आजी ऐकायला येणार हाय. मी तिला सांगितलंय, तुझ्यावर कविता हाय म्हणून.”

“अगं, आजी आहेच की त्यात,” सुनीताबाई मायेने म्हणाल्या.

गॅदरिंगला किशोरी किमोनोत उभी राहिली. किमोनो म्हणजे माझ्या बायकोचा सॅटिनचा गाउन. गुणाबाई केसांत अबोली माळून पुढच्या रांगेत बसली होती. कविता झाली, टाळ्या झाल्या, पहिलं बक्षीस मिळालं. सुनीताबाई सर्वसमावेशकतेवर बोलल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत.

नंतर गुणाबाई माझ्यापाशी आली. तोंडओळख आहे आमची.

“पोरीनं बरं म्हटलं, साहेब. मंग माजी कविता कवा हाय?”

मी म्हटलं, कार्यक्रम संपला.

तिने नातीकडे पाहिलं. किशोरी मान खाली घालून गाउनची गाठ सोडत होती. बराच वेळ झाला तरी सुटेना. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण ठराव सर्वानुमते झाला होता.

“असूं दे,” गुणाबाई म्हणाली. मग आवाज तिने आपणहून खाली आणला. “ऐतवारी तुमाला हलवा ठेवते. बाईंना पापलेट.”

शेजारी उभ्या सुनीताबाई स्टेजवरची फुलं न्याहाळू लागल्या.

रविवारी गुणाबाईकडून हलव्याच्या तुकड्या घेऊन आलो. नेहमीप्रमाणे पिशवीत पिशवी आणि वर कोथिंबिरीची जुडी. हसू नका. परवा लिफ्टमध्ये तुमच्याही पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता मजल्यांचे आकडे वाचत होता. वास तर सगळ्या लिफ्टभर होता. तुम्ही काय, जपानहून येत होता?